शब्बाथ मी पाळतो, दमते मात्र बायको

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, जबाबदारीची नोकरी, कुटुंब ख्रिस्ती. वर्षभरापासून ते रविवार शब्बाथ, म्हणजे बायबलमधल्या आज्ञेतला विसाव्याचा दिवस, म्हणून पाळतायत. उपासनेहून घरी आले की फोन कपाटात, टीव्ही बंद, खरेदी नाही, कुठे जाणं-येणं नाही, फक्त बायबल, प्रार्थना आणि दुपारची झोप. रविवार असा गेला की सोमवारपासून दुप्पट जोमाने काम होईल अशी त्यांची अपेक्षा. पत्नीपण नोकरी करते. घरात अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, आणि पंधरा वर्षांची मुलगी, जिच्या टेस्ट नेमक्या सोमवारी असतात. पत्नी म्हणते, "तुमचा शब्बाथ म्हणजे माझी डबल ड्युटी." त्यावर हे एकदा म्हणाले, "तू मार्था झालीयेस, जरा मरीया हो," आणि तेव्हापासून रविवारी घरात अबोला. मुलीला हा दिवस शिक्षा वाटते. स्वतः यांनाही हवी ती शांती मिळालेली नाही, डोळे मिटले तरी डोक्यात सोमवारची मीटिंग फिरते आणि रात्री बारा वाजले की पहिला हात फोनला जातो. एक मित्र सांगतो की खरा शब्बाथ शनिवारचा, तुम्ही चुकीचा वार धरलाय म्हणून आशीर्वाद नाही. त्यांचे प्रश्न: माझं कुठे चुकतंय, नियम अजून कडक करू का, बायकोला कसं समजावू, आणि शनिवार धरू का?

बायकोचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे त्याच्यातच अडकलेत. तुम्ही विचारलंय तिला कसं समजावू. अहो पण तिला समजलंय की. तुमच्या अख्ख्या पत्रात शब्बाथाच्या आज्ञेच्या सगळ्यात जवळ जाणारं वाक्य कुठलं असेल तर ते तिचं डबल ड्युटीवालं आहे, आणि ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय.

तुमची ओढ खरी आहे यात मला शंका नाही. ज्याच्या हातातून आठवडाभर फोन सुटत नाही त्याने वर्षभर दर रविवारी तो कपाटात ठेवायचा ही साधी गोष्ट नाही. म्हणून हे सगळं सोडून द्या असं मी म्हणणार नाहीये. पण तुम्ही पाळताय ते शब्बाथाचं अर्धंच आहे, आणि राहिलेलं अर्धं जास्त वजनाचं आहे असं माझं मत.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात हे तुम्हाला माहीत असेलच, एकदा निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आणि एकदा अनुवाद या पुस्तकाच्या ५व्या. बाकीच्या आज्ञा जवळपास सारख्याच, पण शब्बाथ का पाळायचा याचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलंय. निर्गममध्ये कारण सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत सगळं घडवलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादमधल्या आज्ञेत सृष्टीचा उल्लेखच नाही. तिथे सांगितलंय की तुम्ही मिसर (इजिप्त) देशात गुलाम होतात ते आठवा, म्हणून हा दिवस पाळा, आणि तुझ्या दासाला नि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. तुझ्यासारखाच. तुझी झोप झाल्यावर जो काय वेळ उरेल तेवढा नाही.

आपण बहुतेक जण पहिलं कारण धरून बसतो, ते ऐकायला छान आहे आणि त्यात आपल्याला फक्त आडवं व्हायचं असतं. दुसरं जरा टोचतं. मिसरात काय चालायचं ते निर्गमच्या ५व्या अध्यायात आहे. इस्राएल लोकांचे पुढारी मोशे आणि अहरोन मिसरच्या राजाकडे, फारोकडे, जाऊन मागतात काय, तर रानात जाऊन देवाची उपासना करायला मोकळीक. फारो म्हणतो तुम्ही आळशी झालात म्हणून हे सुचतंय, आणि हुकूम काढतो की विटांसाठी लागणारा पेंढा यापुढे द्यायचा नाही, तो त्यांनीच हिंडून गोळा करायचा, विटा मात्र रोज पहिल्याएवढ्याच पाहिजेत. (नोकरी करणाऱ्या कुणालाही हा बॉस ओळखीचा वाटेल.) अशा ठिकाणाहून सुटून आलेल्या लोकांना ही आज्ञा मिळाली, म्हणून तिच्यात घरातला एकेक जीव मोजलाय: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. गुलामीतून सुटलेला माणूस घरी येऊन स्वतःच छोटा फारो होऊ शकतो, हे देवाला पक्कं ठाऊक असणार.

आता ती यादी पुन्हा वाचा. तिच्यात बायको नाहीये.

मुलगी आहे, दासी आहे, गाढवसुद्धा आहे, बायको नाही. याचे दोन अर्थ लावता येतात. एक म्हणजे तिला धरलंच नाही, कारण कोणीतरी जेवायला वाढणारं लागतंच ना. दुसरा अर्थ असा की ती त्या "तू" मध्येच आलीय, आज्ञा नवराबायकोला मिळून दिलेली आहे. मला दुसरा पटतो, कारण दासीला विश्रांती द्या म्हणणारी आज्ञा घरच्या मालकिणीला राबवायला सांगेल हे काही खरं वाटत नाही. पण हा अर्थ घेतला की तुमचा सगळा हिशोबच बदलतो. ती ओट्याशी उभी आहे तोवर आज्ञेतला "तू" कामच करतोय. तुम्ही खोलीत बायबल घेऊन बसलात तरी शब्बाथ तुमच्या घरात अजून सुरूच झालेला नसतो.

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू लोक, तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलही मोकळा. विश्रांती घरातल्या शेवटच्या जिवापर्यंत पोचली की ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसते, मुद्दाम सांगावी लागत नाही.

आता मार्था. हे वाक्य तुम्ही बोलायला नको होतं, आणि का ते सांगते. लूकच्या शुभवर्तमानात १०व्या अध्यायात मार्था पाहुणचारात राबते, तिची बहीण मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते, आणि मरीयाने चांगलं ते निवडलं असं मार्थाला म्हणणारा येशू स्वतःच पाहुणा आहे, तिची सगळी धावपळ त्याच्यासाठीच चाललीय. म्हणजे तो स्वतःच्या सरबराईवर पाणी सोडून तिला मोकळं करतोय. तुम्ही कशावर पाणी सोडलंत? तुमची बायको खरंच मरीया होऊन बसली असती तर त्या दुपारी तुमच्या वडिलांना कोणी भरवलं असतं? आणि योहानच्या १२व्या अध्यायात मार्था पुन्हा वाढतानाच दिसते, तिथे तिला कोणी काही म्हणत नाही, ते आपण सोयीने विसरतो. या वाक्याबद्दल तिची माफी मागा. साधी माफी, तिला बायबलचं कुठलंही वचन जोडायचं नाही, "पण माझा उद्देश चांगला होता" हेही नाही.

तुम्ही म्हणाल मग घर चालणार कसं, जेवण तर लागतंच. बरोबर आहे. शब्बाथाच्या दिवशी काम नाहीसं होत नाही, ते आदल्या दिवसावर सरकतं. मिसरातून सुटलेल्या लोकांना देव रानात रोज मान्ना नावाचं अन्न द्यायचा, त्या गोष्टीतही सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय. म्हणूनच शुक्रवार हा ज्यू घरांमध्ये तयारीचा दिवस, आणि ही तयारी कोणी करायची यावर तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, एक मजेशीर नोंद आहे. राव हिस्दा बीट चिरायचे, राव पापा दिव्याच्या वाती वळायचे, रावा मासा खारवायचे, रब्बा आणि राव योसेफ लाकडं फोडायचे. ही सगळी त्या काळची नावाजलेली विद्वान माणसं, हे काम दुसऱ्यावर सहज ढकलता आलं असतं, पण शब्बाथ येतोय तर त्याचं स्वागत स्वतःच्या हाताने करायचं ही त्यांची समजूत. त्या दिवशी दुसरं कोणीतरी तयारी करतंय आणि मी फक्त पवित्र होऊन बसतोय, असा शब्बाथ त्यांना बहुतेक कळलाच नसता.

तर तुमच्यासाठी पहिलं काम. रविवारी सकाळी उठल्यापासून रात्री दिवे बंद होईपर्यंत तुमच्या घरात काय काय होतं ते सगळं एका कागदावर लिहून काढा, पाणी भरण्यापासून वडिलांच्या गोळ्यांपर्यंत, आणि प्रत्येकापुढे ते कोण करतं ते नाव. खरंच लिहा, मनात नको, मनात केलं की अर्धी कामं दिसतच नाहीत. मग बघा त्यातलं काय शनिवारी उरकता येतं, काय सोमवारपर्यंत थांबलं तर कोणी मरत नाही, आणि काय त्याच दिवशी करावं लागतं. शनिवारी सरकणाऱ्यातलं निम्मं तरी तुम्ही अंगावर घ्या, नाहीतर बायकोची रविवारची ड्युटी शनिवारी ढकलली एवढंच होईल. रविवारचं जेवण साधं असू दे, सगळ्यांनी आपापलं ताट धुवावं. आणि उरलेलं, त्याच दिवशी करावं लागणारं जे आहे, त्यात सगळ्यात मोठं वडिलांचं करणं. ते तुम्ही करा. अंघोळ, कपडे, भरवणं, सगळं.

इथे तुम्ही म्हणाल की हे तर कामच झालं. झालं की. पण लूकच्या १३व्या अध्यायात बघा, अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात बरी होते आणि सभास्थानाचा अधिकारी चिडतो, कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा म्हणतो. येशू त्याला विचारतो, शब्बाथाच्या दिवशी तुम्ही बैलाला, गाढवाला सोडून पाण्यावर नेत नाही का? ज्यू धर्मशास्त्रातही जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायला नुसती परवानगी नाही, ते कर्तव्यच मानलंय. इ.स.पू. १६७ च्या सुमाराला ज्यूंनी ग्रीक राजवटीविरुद्ध केलेल्या मक्काबींच्या बंडात लपून बसलेल्या लोकांवर नेमका शब्बाथाच्या दिवशी हल्ला झाला, त्यांनी हात उचलला नाही आणि बायकामुलांसकट हजारेक जण मारले गेले असं मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात आहे. त्यानंतर बंडाचा पुढारी मत्तथ्या आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं की कोणी चालून आलं तर शब्बाथाच्या दिवशीही लढायचं. म्हणजे या दिवसाचे नियम ज्यांनी जिवापाड जपले त्यांनीच जिवाला नियमाच्या वर ठेवलं. मार्कमध्ये येशू म्हणतो की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, ते याच वळणाचं आहे.

आणि वडिलांचं करताना एक गोष्ट जरा लक्षात येऊ द्या. तुमच्या घरात तेच एक असे आहेत ज्यांच्याकडून कोणताच दिवस काही घडवून घेत नाही. ते कमवत नाहीत, घर चालवत नाहीत, कदाचित नीट बोलतही नसतील. तरी ते घरचे आहेत, देवाचेही आहेत, आणि त्यांची किंमत त्याने तसूभरही कमी होत नाही. हेच तर शब्बाथ तुम्हाला तुमच्याबद्दल सांगायला बघतोय, की तू काही घडवलं नाहीस तरी चालशील. हे प्रवचनात ऐकून पटत नाही, निदान तुमच्यामाझ्यासारख्यांना तर नाहीच. त्यांच्या उशाशी तासभर बसून, त्यांचे हातपाय पुसताना पटलं तर पटेल.

इथून तुमच्या शांतीच्या प्रश्नावर येते. तुम्ही असं धरून चाललाय की नियम नीट पाळले की शांती मिळायला पाहिजे, आणि नाही मिळाली म्हणजे कुठेतरी गडबड आहे. दुसरं तुम्ही धरून चाललाय की रविवारच्या विश्रांतीने सोमवारचं काम चांगलं व्हावं. दोन्हींमध्ये शब्बाथ कशाचं तरी साधन झालाय. विश्रांतीसुद्धा ऑफिसच्याच खात्यावर जमा होतेय, आणि मग डोळे मिटल्यावर डोक्यात मीटिंग येते याचं नवल ते काय, तुम्ही तिच्यासाठीच तर विश्रांती घेताय.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा क्रम बघा. माणूस सहाव्या दिवशी घडला. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस सातवा, विसाव्याचा. तोवर त्याने काडी हलवली नव्हती, दमायचं कारणच नव्हतं. देवाचा विसावा काम झाल्यावर आला, माणसाचा काम सुरू व्हायच्या आधी. आणि तिथे दिवस मोजलाय तोही संध्याकाळ झाली, सकाळ झाली असा, म्हणून ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे दिवसाची सुरुवात झोपेने. आपण झोपलेले असताना देवाचं काम चालूच असतं आणि सकाळी उठून आपण त्यात सामील होतो, असा तो क्रम. आपण मात्र विश्रांतीला पगारासारखं धरतो, कमावली तरच घ्यायची, आणि रविवारी आडवं झालं की आतून कोणीतरी हिशोब मागत राहतं.

मान्नाच्या गोष्टीतलं मला आवडतं ते वेगळंच. सातव्या दिवशी काही मिळणार नाही असं स्पष्ट सांगूनही काही लोक बाहेर पडलेच. भूक लागली होती म्हणून नाही, आदल्या दिवशीचा दुप्पट साठा घरात होता, आणि एरवी उरवलेल्या मान्नात किडे पडायचे तेही त्या दिवशी पडले नव्हते. तरी गेले. मिसरातून निघून त्यांना साधारण महिनाच झाला होता, अंगातली धास्ती एवढ्यात कुठली जायला, की आज गेलो नाही तर उद्या काय. तुमचा बारा वाजताचा फोन म्हणजे तेच आहे. बाहेर काही पडलेलं नसतं हो, एखादं मेल असतं जे सकाळी नऊला वाचलं तरी चाललं असतं. देवाने त्या लोकांना झापलं जरूर, पण हाकलून दिलं नाही, मान्नाही बंद केला नाही. तुमचं डोकं रविवारी शांत होत नाही याला पाप समजू नका. कदाचित आठवडाभर जे आवाजात दबलेलं असतं ते त्या दिवशी ऐकू येतं एवढंच, आणि ते ऐकू येणं हेही त्या दिवसाचं कामच म्हणायचं. मीटिंग डोक्यात आली तर तिला हाकलत बसू नका, प्रार्थनेतच तिचं नाव घ्या, भीती कशाची वाटते ते सांगा, आणि उठून वडिलांना पाणी द्या.

एक कडवट गोष्ट मात्र सांगायला हवी. आमोस संदेष्ट्याच्या ८व्या अध्यायात व्यापारी विचारतात, शब्बाथ कधी संपतोय म्हणजे आम्ही गव्हाची कोठारं उघडू, माप लहान करू, किंमत वाढवू. ते दुकान बंद ठेवत होते बरं का, नियम पाळत होते. मन मात्र दाराशी उभं. तुम्ही कोणाला लुबाडत नाही, पण बाराच्या ठोक्याची वाट बघणं तुम्हीच पत्रात लिहिलंय म्हणून हे सांगितलं.

यावर उपाय आहे, आणि तो फार अवघड नाही. दिवस मध्यरात्री संपवूच नका. शनिवारी संध्याकाळी सुरू करा आणि रविवारी अंधार पडल्यावर संपवा, आणि संपवा म्हणजे नीट निरोप देऊन. ज्यू घरांमध्ये आकाशात तीन तारे दिसले की हावदाला करतात, मेणबत्ती पेटवतात, द्राक्षारस घेतात, सुगंधी मसाल्यांचा वास घेतात, आशीर्वाद म्हणतात, मगच आठवडा सुरू होतो. तुम्ही तसंच करावं असं नाही, एक गीत, एक छोटी प्रार्थना, सगळ्यांनी मिळून. मग फोन काढा, उघडपणे, चोरून नाही, आणि सोमवारची तयारी करा. शुक्रवारीच ऑफिसात सांगून ठेवा की शनिवार संध्याकाळपासून एक दिवस मी नाही, अगदी आग लागली तर अमक्याला फोन करा. बहुतेक वेळा आग लागत नाही, आणि आपल्यावाचून अडत नाही हे कळल्यावर जरा वाईटच वाटतं, पण ते वाईट वाटणंही उपयोगाचं असतं.

नियम कडक करू का? नको. निदान आत्ता तरी नको. मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहात शब्बाथाला वर्ज्य कामांचे ३९ प्रकार सांगितलेत, पेरणी, दळण, शिवण, लिहिणं, आग पेटवणं वगैरे, निवासमंडप, म्हणजे रानातल्या प्रवासातला देवाच्या उपासनेचा तंबू, उभारायला जी जी कामं लागली त्यावरून काढलेले. ते पाळणाऱ्यांना मी अजिबात नावं ठेवणार नाही, पण ते लोक त्याच्या जोडीने काय पाळतात तेही बघा. तीन वेळचं जेवण, चांगले कपडे, गाणी, पाहुणे. त्या दिवशी उपास करायचा नाही, फक्त प्रायश्चित्ताचा मोठा दिवस सोडून. घरात मयत झालेलं असलं तरी उघड शोक त्या दिवसापुरता थांबवतात. यशयाच्या ५८व्या अध्यायात शब्बाथाला आनंद म्हणा असं आहे, आणि ती मंडळी आनंदालाही नियमाइतकंच मनावर घेतात. तुम्ही कुंपण तेवढं आणलंत, आत लावायचं काहीच आणलं नाहीत, आणि मग मुलीला ती जागा तुरुंग वाटते तर तिचं काय चुकलं.

मुलीवर सध्या काहीच लादू नका. अभ्यास करायचा तर करू दे, संध्याकाळी दिवस संपवलात तर रात्रीचा वेळ तिला तसाही मिळतो. तिच्याकडून दिवसातला एकच तास मागा आणि त्या तासात काय करायचं ते तिलाच ठरवू द्या, फिरायला जायचं, आजोबांशेजारी बसून जुने फोटो बघायचे, पत्ते खेळायचे, काहीही. बायबलचा तास करायचा मोह होईल, तो आवरा.

बायकोशी बोलताना सुद्धा "आपण दोघं मिळून शब्बाथ पाळू" अशी सुरुवात नको, तिला त्यात अजून एक कामच दिसेल. आधी दोन-तीन आठवडे गुपचूप कामं उचला, जाहीर न करता. मग विचारा की रविवारी तुला काय करायला नको वाटतं, आणि वेळ मिळाला तर काय करावंसं वाटतं. ती कदाचित म्हणेल मला बहिणीकडे जायचंय, किंवा टीव्हीवर काहीतरी फालतू बघत लोळायचंय, किंवा चार तास कोणी मला हाक मारू नका. तुमच्या कल्पनेतल्या शब्बाथात हे बसणार नाही. बसवा. इतकी वर्षं सातही दिवस राबलेल्या बाईची विश्रांती पहिल्याच रविवारी प्रार्थनेसारखी दिसावी अशी अपेक्षा करू नये.

ज्यांना रविवारी सुट्टीच नसते, नर्स, ड्रायव्हर, पोलीस, हॉटेलात काम करणारे, त्यांचीही अशी पत्रं येतात, आम्ही पाप करतोय का म्हणून. मत्तयच्या १२व्या अध्यायात येशूच म्हणतो की मंदिरातले याजक शब्बाथाच्या दिवशी काम करूनही निर्दोष असतात. तुमचे पाळकसाहेब रविवारी सगळ्यात जास्त राबतात, त्यांना विचारा ते कधी विश्रांती घेतात (बहुतेक घेत नाहीत, तेही एक दुखणंच आहे). ज्याला जो दिवस मिळतो तो त्याने आधीपासून ठरवून बाजूला काढावा. पूर्ण दिवस नसेल तर अर्धा, तोही नसेल तर एक संध्याकाळ. पण ठरलेली हवी, उरलेली नको, कारण उरत काहीच नाही.

राहिला तुमचा मित्र. तो म्हणतो त्यात इतिहास म्हणून तथ्य आहे, आज्ञेतला सातवा दिवस शनिवारच. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ज्यू लोक तो पाळतात, आणि सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची मंडळीही, ज्यांची संघटना १८६३ मध्ये उभी राहिली. ख्रिस्ती लोक आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमायला लागले ते पुनरुत्थानामुळे, प्रेषितांच्या कृत्यांत २०व्या अध्यायात तसं जमल्याचं आहेच. रविवारी कामकाज बंद ठेवायचा कायदा सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली काढला, आणि त्यातही शेतकऱ्यांना सूट होती. पौल रोमकरांस पत्रात १४व्या अध्यायात लिहितो की कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. तुमची मंडळी रविवारी जमते, बायकोला सुट्टी रविवारी असते, मुलगी घरी असते, तर रविवारच ठेवा. शनिवार धरलात तर तयारी शुक्रवारी करावी लागेल, आणि तुमचं ऑफिस शुक्रवारी किती वाजता सुटतं ते तुम्हालाच माहीत. मित्राला तसंच सांगा, आणि त्याला विचारून बघा की त्याच्या घरी शुक्रवारी स्वयंपाक कोण करतं.